स्काडा बूटला एरर १०५३ देतंय, पण नंतर हाताने स्टार्ट दिलं की चालतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अंधेरी एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मेंटेनन्सला आहे. बॉयलर हाऊस आणि आरओ प्लांट दोन्ही एकाच स्काडा (स्क्रीनवरून प्लांटवर लक्ष ठेवायचं सॉफ्टवेअर) पीसीवर दिसतात. विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टचं फुकट व्हर्जन).

मागच्या आठवड्यात रात्री लाईट गेली, यूपीएसच्या बॅटऱ्या आधीच उतरलेल्या, पीसी धाडकन बंद पडला आणि तेव्हापासून विंडोज नीट येतं पण स्काडाचं रनटाईम (म्हणजे चालू स्क्रीन) काही उघडत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये स्काडाच्या सर्व्हिसला १०५३ आहे, म्हणजे विंडोजने ३० सेकंद वाट बघितली आणि सोडून दिलं. पण गंमत बघा, पंधरा-वीस मिनिटं थांबून सर्व्हिसेसमध्ये जाऊन हाताने स्टार्ट दिलं की ट्रेंड, अलार्म सगळं येतं. लायसन्सचा डोंगल दिसतोय, पीएलसीला (प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरला) पिंग जातोय.

काय काय केलं ते सांगतो. सर्व्हिस डिलेड स्टार्टवर टाकली, तो उशीर दोनेक मिनिटांचा असतो, पुरला नाही. रजिस्ट्रीत टाईमआऊट १८०००० मिलिसेकंद केला, तरी तेच. मग स्काडाची सर्व्हिस एसक्यूएलवर डिपेंडंट केली, म्हणजे आधी एसक्यूएल सुरू होईल मगच स्काडा, कमांडमध्ये बरोबरच्या चिन्हानंतर स्पेस द्यायची असते ती राहिली म्हणून अर्धा तास त्यातच गेला, आणि तरीही फरक शून्य.

सिस्टीम लावून देणारी पार्टी म्हणते एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपलंय, आधी पीओ (खरेदीची ऑर्डर) द्या, आणि फोनवर एकच सांगतात, फॉरमॅट मारा. बॉयलरचं लॉजिक पीएलसीत आहे आणि सेफ्टी पॅनेलमध्ये वेगळी वायर केलेली आहे त्यामुळे प्लांट थांबलेला नाही, पण रात्रपाळीचा पोरगा नवीन आहे, स्क्रीन नसताना गेज बघून दर अर्ध्या तासाला वहीत रीडिंग लिहितो, मला घरी झोप लागत नाही हो. कोणाला असा अनुभव आलाय का?

प्रतिसाद:
दादा, फॉरमॅट अजिबात मारू नका, जुना डेटा जाईल. डिपेन्डन्सी लावून उपयोग का झाला नाही ते सांगतो. एसक्यूएलची सर्व्हिस 'रनिंग' दिसते तेव्हा तुमचा डेटाबेस उघडलेला असतोच असं नाही, आत रिकव्हरी (लॉग वाचून अर्धवट राहिलेल्या नोंदी निस्तरणं) चालू असते आणि स्काडा तिथेच अडकतं. एसक्यूएलचा एरर लॉग उघडा, रिकव्हरी किती टक्के झाली हे त्यात येतं. आणि डेटाबेसच्या लॉग फाईलची (प्रत्येक बदलाची नोंद जिथे जाते ती) साईझ बघा. एक्सप्रेसची साईझची मर्यादा फक्त डेटा फाईलला असते, लॉग फाईल हवी तेवढी फुगते, रिकव्हरी मॉडेल फुल (लॉगचा बॅकअप होईपर्यंत जुन्या नोंदी ठेवणारं सेटिंग) असेल आणि लॉगचा बॅकअप कोणी घेतच नसेल तर फुगणारच.

धागाकर्ता:
अगदी तेच निघालं!! डेटा फाईल ६ जीबी आणि लॉग ३१ जीबी. एरर लॉगमध्ये बूटनंतर तेरा मिनिटं रिकव्हरी दिसतेय. मॉडेल फुलच आहे, पहिल्या दिवसापासून लॉगचा एकही बॅकअप नाही. आता मॉडेल सिंपल करून (मग जुन्या नोंदी साठत नाहीत) लॉग श्रिंक, म्हणजे फाईल लहान, करायचा विचार आहे, स्काडा चालू ठेवून केलं तर चालेल का?

प्रतिसाद:
चालू असताना नको. प्लांटचा शटडाऊन मिळेल तेव्हा स्काडाची सर्व्हिस बंद करा, फुल बॅकअप घ्या, तो पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या पीसीवर काढून रिस्टोर होतो का ते बघा, मगच सिंपल आणि श्रिंक. लॉगची फाईल एक्सप्लोररमधून डिलीट करू नका, डेटाबेसच उघडायचा नाही. यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच दिवशी बदला.

धागाकर्ता:
रविवारी शटडाऊन मिळालाय, बॅटऱ्यांची इंडेंट (मागणी) आजच टाकली. तोपर्यंत पीसी कोणी रीस्टार्ट करू नये म्हणून मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवलीय. रविवारी रात्री इथेच कळवतो.