बर्मिंगहॅमहून लडलो : एका दिवसात पाहून होईल का?

विचारणा (कोथरूड)
नमस्कार. मुलगी बर्मिंगहॅमला नोकरीस असल्याने येत्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे जात आहोत. लंडन पूर्वी पाहिले आहे. या वेळी एखादे जुने बाजाराचे गाव निवांतपणे पाहावे, अशी इच्छा आहे. श्रॉपशायरमधील लडलो एका दिवसात पाहून होईल का, कोणत्या दिवशी जावे, आणि पत्नीचे गुडघे दुखत असल्याने तिला चालणे झेपेल का, हे कृपया सांगावे.

उत्तर (नारायण पेठ)
एक दिवस पुरेल, मात्र तो बाजाराचाच दिवस असावा. किल्ल्यासमोरच्या चौकात सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी बाजार भरतो; या चारही वारांच्या पेठा आपल्याकडे असल्याने ते लक्षात ठेवणे पुणेकरांना अवघड नाही. वेल्सच्या सीमेवर नजर ठेवण्यासाठी अकराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला उभारला जाऊ लागला आणि त्याच्या दाराशी आखून गाव वसवले गेले. मुळात बाजारासाठी सोडलेली जागा बरीच लांबरुंद होती. पुढे दुकानदारांच्या तात्पुरत्या मांडवांच्या जागी पक्की घरे उभी राहत गेली आणि त्यांच्यामध्ये आजच्या अरुंद गल्ल्या उरल्या. त्या गल्ल्यांतून सावकाश फिरावे, कारण गावाचा खरा इतिहास मला तिथेच वाचता आला. ‘फेदर्स’ या जुन्या हॉटेलचा १६१९ सालचा कोरीव लाकडी दर्शनी भाग पाहताना वाड्यांच्या तुळया आणि खांब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांचे पाऊल नक्कीच थबकेल.

किल्ल्यातील गोल प्रार्थनामंदिर चुकवू नये. याच किल्ल्यात १५०२ साली युवराज आर्थर वयाच्या पंधराव्या वर्षी वारला. त्याची विधवा कॅथरीन हिच्याशी धाकटा भाऊ आठवा हेन्री याने विवाह केला आणि पुढे तोच विवाह रद्द करून घेण्याच्या खटाटोपातून इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाले.

उत्तर (औंध)
श्रूसबरीला गाडी बदलून जावे. स्थानकापासून गाव जवळ आहे, पण ते टेकडीवर असल्याने थोडा चढ लागतो. ब्रॉड स्ट्रीट हा सुंदर रस्ता टीम नदीच्या दिशेने उतरत जातो. वहिनींना परतीचा चढ त्रासाचा होईल, म्हणून तो वरूनच पाहावा. किल्ल्याच्या आतील जमीनही उंचसखल आहे, तेव्हा काठी सोबत असू द्यावी.

उत्तर (सदाशिव पेठ)
एक गोष्ट जोडाविशी वाटते. हा किल्ला १८११ साली पॉविसच्या अर्लने विकत घेतला. तो अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले, तेव्हा मद्रासचा गव्हर्नर तोच होता. वेल्समधील त्यांच्या पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आजही जपून ठेवलेला आहे. त्या किल्ल्याजवळच्या वेल्शपूल गावाला जाणारी गाडी श्रूसबरीवरूनच जाते. तीन-चार दिवस हाताशी असतील, तर त्यातला एक तिकडे अवश्य द्यावा.