डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) शिकायचंय, पण झेड-ट्रान्सफॉर्मपाशी अडलोय

लेथवाला_उद्यमनगर:
डिप्लोमा मेकॅनिकल, उद्यमनगरात लेथवर असतो. हेडस्टॉकला पिझो डिस्क (थरथरीचं व्होल्टेज करणारी चकती) चिकटवून ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलीय. बेअरिंग जायच्या आधी थरथरीवरून कळावं, एवढंच पाहिजे. पुस्तक आणलं तर दुसऱ्याच धड्यात झेड-ट्रान्सफॉर्म, सिग्नलच्या आकड्यांच्या रांगेचं बीजगणित! आधी गणित करू का थेट कोड?

रिवाइंडिंगवाला:
भावा, आधी सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला किती वेळा सिग्नल मोजायचा ते. शिरोलीत मोटरी बांधतो, म्हणून मोटरीचंच सांगतो. तुझी 1440 आरपीएमची असणार, म्हणजे सेकंदाला 24 फेरे. मुद्दाम सेकंदाला 25च सॅम्पल घे आणि ग्राफ काढ. 1 हर्ट्झची संथ लाट दिसेल, जी मशीनवर कुठंच नाही! नायक्विस्टचा नियम (सगळ्यात जलद थरथरीच्या दुपटीहून जास्त सॅम्पल हवेत) असा डोळ्यांनी बघायचा. मग 1000वर जा. तिथंही 970ची शिट्टी 30 म्हणून तोंड काढणार, आणि एकदा आत शिरली की खऱ्या 30पासून कुठलाही डिजिटल फिल्टर तिला वेगळी काढू शकत नाही. म्हणून एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी रेझिस्टर-कपॅसिटरचा फिल्टर. हे सोडून पोरं फिल्टरची लायब्ररी शोधत बसतात, लय डोकं फिरतं.

लेथवाला_उद्यमनगर:
1000वर घेतलं. एफएफटीत, म्हणजे कुठल्या हर्ट्झची थरथर किती हे दाखवणाऱ्या ग्राफात, 50च्या आसपास मोठी रेघ येतीया. बेअरिंग गेलं काय?

रिवाइंडिंगवाला:
50 का 48, ते आधी बघ. 50 म्हणजे लाइनच्या विजेची. 48 म्हणजे 24ची दुप्पट, पुलीची लाइन तपास. एफएफटीला पाव सेकंदाचा डेटा दिलास तर दोन्ही एकाच ढिगात पडतात, चार-पाच सेकंदांचा दे. मग स्विच बंद करून मोटर नुसती फिरत असताना बघ. थरथर असली तर रेघ फेऱ्यांबरोबर खाली सरकते, विजेची असली तर सरकत नाही. शेजारी वेल्डिंग चालू असताना हे करू नको. विजेचीच निघाली तर शिल्डेड वायर टाक, आणि कोडात लागोपाठ 20 सॅम्पलची सरासरी. 50चं एक आवर्तन बरोबर 20 सॅम्पलमध्ये बसतं, बेरीज शून्य.

गणिताची_मास्तरीण:
त्या सरासरीत तुमची 24सुद्धा साधारण एक तृतीयांश कमी होते, आणि 100, 150 पूर्ण नाहीशा होतात. का, ते झेड-ट्रान्सफॉर्ममध्ये दिसतं: युनिट सर्कलवर (त्रिज्या 1चं वर्तुळ, त्यावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक वारंवारता) 19 शून्यं, म्हणजे फिल्टरचं उत्तर शून्य होतं ते बिंदू, दर 50 हर्ट्झला एक. आता तो धडा उघडा.

रिवाइंडिंगवाला:
मॅडम म्हणतात ते बरोबर. आणि भावा, सुरुवातीचं बेअरिंग बऱ्याचदा किलोहर्ट्झमध्ये बोलतं. तिथं 1000 पुरायचं नाही.