यलोस्टोन लेकवर चार रात्री कयाकने: मधून जावं की काठाने?

दूरदेशी:

नमस्कार मंडळी. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या यलोस्टोन लेकच्या साउथ आर्ममध्ये (तळ्याचा दक्षिणेकडे गेलेला लांबट फाटा) कयाकने जाऊन चार रात्री तंबूत राहायचा विचार करतोय. तीन डबल कयाक. मी, बायको, मुलगी (१३), मित्र, त्याची बायको आणि भारतातून खास या सहलीसाठी येणारे माझे मामा (५८, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत, रोज सकाळी पोहायला जातात). सगळ्यांना चांगलं पोहता येतं. कयाक आम्ही नद्यांमध्ये आणि लहान तळ्यांत बऱ्यापैकी चालवली आहे.

माझा बेत असा: ब्रिज बेवरून सकाळी निघायचं, दक्षिणेकडे सरळ फ्रँक आयलंड हे तळ्यातलं बेट गाठायचं, तिथे जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत साउथ आर्ममध्ये शिरायचं. काठाकाठाने गेलं तर अंतर फारच वाढतंय. तिथे येऊन-जाऊन असलेल्या कुणीतरी सांगा, हे जमेल का? दुसरं म्हणजे, या तळ्याच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आहेत असं वाचलं, तर पाणी पोहण्याइतकं कोमट असतं का? आणि वेटसूट (थंड पाण्यात ऊब टिकवणारा रबरी पोशाख) वगैरे खरंच लागतो का? ऑगस्टमध्ये तिकडे ऊन चांगलं कडक असतं म्हणतात.

नीलपाणी:

दूरदेशी, बेत ठरायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत. मी उन्हाळ्यात याच भागात कयाकिंग शिकवते आणि या तळ्यावर माझा जीव आहे. म्हणूनच जरा लांबलचक लिहिते, कंटाळू नका.

मधून अजिबात जाऊ नका. फ्रँक आयलंडचा थांबा नकाशावर सोयीचा दिसतो, पण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे उघडं पाणी आहे. तळं उत्तर-दक्षिण साधारण ३२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २३ किलोमीटर. वाऱ्याला अडवणारं मध्ये काही नाही, त्यामुळे लाट वाढत जायला भरपूर जागा मिळते. सकाळी सहाला पाणी आरशासारखं असतं आणि त्यावरच माणसं फसतात. ऊन चढलं की नैर्ऋत्येकडून वारा सुटतो. तो येताना दिसतो, हे मी माझ्या वर्गातल्या मुलांना दाखवते: लांबवर पाण्याचा रंग एकदम गडद होतो, त्या गडद पट्ट्याची कड सरकत सरकत तुमच्याकडे येते, आणि ती पोचली की पाच-दहा मिनिटांत पाण्याचं सगळं रूप पालटतं. दुपारी तीन ते पाच फुटांच्या लाटा इथे नेहमीच्या. सामानाने भरलेली डबल कयाक त्यात आडवी सापडली तर नदीवरचा सराव उपयोगी पडत नाही.

आता पाणी. झरे आहेत हे खरं, पण तळं एवढं मोठं आणि खोल आहे की त्या उष्णतेने काहीही फरक पडत नाही. समुद्रसपाटीपासून २,३५७ मीटरवरचं पाणी आहे हे. डिसेंबरअखेर गोठतं आणि बर्फ फुटतो तो मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला. ऐन उन्हाळ्यातही वरच्या थराचं तापमान १८ अंशांच्या पुढे क्वचित जातं. या पाण्यात माणूस २० ते ३० मिनिटं तग धरतो, असा तिथल्या पार्क सर्व्हिसचा अंदाज आहे. तळ्याच्या पश्चिमेकडच्या उपसागरासारख्या भागात, म्हणजे वेस्ट थंबच्या काठावर, जिथे झऱ्यांमुळे पाणी खरंच तापतं, तिथे ते कोमट नसून भाजणारं असतं आणि जमिनीचा पापुद्रा पातळ असतो. त्या भागात किनाऱ्याला लागायचं नाही.

पोहता येणं ही तुमची जमेची बाजू आहे, पण तुम्ही समजताय तेवढी नाही. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात माणसाचं काय होतं यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं सूत्र आहे १-१०-१. पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. आपोआप जोरात धाप लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही पाणी घेतो. नंतरची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला मात्र साधारण १ तास लागतो. म्हणजे बहुतेक लोक गारठून मरतच नाहीत. त्याच्या कितीतरी आधी बोटं चालेनाशी होतात आणि लाइफ जॅकेट नसेल तर बुडतात.

माझ्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांना काठावर बसवून मनगटापर्यंत हात पाण्यात धरायला लावते. थोड्या वेळाने बाहेर काढायचे आणि लाइफ जॅकेटचं बक्कल लावायचं. बोटं बक्कलावर असतात, दिसत असतात, पण दाबच बसत नाही. दोन्ही तळहातांमध्ये बक्कल धरून ढकलत बसतात लोक. तुमच्या मुलीला आणि मामांना निघण्याआधी हे नक्की करायला लावा. त्यानंतर जॅकेट का घालायचं हे वेगळं समजवावं लागत नाही. तसंही बोट पाण्यात चालू असताना प्रत्येकाने जॅकेट घालून, बक्कलं लावून बसलंच पाहिजे हा तिथला नियम आहे. कयाकच्या मागे दोरीत अडकवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

वेटसूट लागतोच. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा पोशाख, भाड्याने मिळाला तर फारच उत्तम. उकडेल, मान्य. उकडलं तर टोपी भिजवून डोक्यावर घाला. कपडे हवेकडे बघून नाही, पाण्याकडे बघून ठरवायचे.

रस्ता माझ्या मते असा घ्या. वेस्ट थंबच्या काठावरच्या ग्रँट व्हिलेजवरून निघा, वेस्ट थंबच्या दक्षिण काठाने ब्रीझ पॉइंटला वळसा घाला, मग काठ न सोडता फ्लॅट माउंटन आर्म हा अलीकडचा फाटा आणि पुढे साउथ आर्म. पहिल्या रात्रीची जागा फ्लॅट माउंटन आर्मच्या अलीकडे मिळाली तर अंतर आपोआप वाटलं जातं. पहाटे उजाडताच पाण्यात, आणि अकरा-बाराच्या आत तंबूच्या जागी. दुपारनंतर पाण्यात पाऊल नाही.

या काठाची एक खोड आहे. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे तुमच्या बाजूने तळ्याकडे वाहणारा. काठाशी झाडांचा आडोसा असतो, पाणी निवांत वाटतं, आणि गप्पांच्या नादात कयाक हळूहळू बाहेर सरकते. आडोसा संपला की तोच वारा तुम्हाला उघड्या तळ्यात लोटतो आणि परत यायचं तर त्याच्याच तोंडावर वल्हवावं लागतं. म्हणून काठापासून एवढंच लांब राहा की उलटलात तर पोहत काठाला लागाल. फ्लॅट माउंटन आर्मचं तोंड ओलांडताना हे पाळता येणार नाही. तेवढा टप्पा सकाळी, तिन्ही कयाक हाकेच्या अंतरावर ठेवून, न थांबता उरका. लाटा असतील तर आर्मच्या आत जाऊन चिंचोळ्या जागी ओलांडा, तास गेला तरी चालेल.

परतीचा प्रवास वाऱ्याच्या विरुद्ध आहे, त्यामुळे एक दिवस जादा हातात ठेवा. सोमवारी ऑफिस गाठायचंच असलं की माणसं नको त्या वेळी पाण्यात उतरतात. दोन वर्षांपूर्वी ब्रीझ पॉइंटजवळ आम्ही एका जोडप्याला बाहेर काढलं, ते याच घाईत होते. बाई शुद्धीवर होत्या, बोलत होत्या, पण आम्ही टाकलेली दोरी त्यांना मुठीत धरता येत नव्हती. शेवटी कोपरात अडकवायला सांगितली.

डॉ_सह्यगिरी:

नीलपाणीताईंनी लिहिलंय त्यात वैद्यकीय बाजूने थोडी भर.

मामांबद्दल आधी. थंड पाण्यात अचानक पडल्यावर रक्तदाब आणि नाडी दोन्ही एकदम उसळतात. तरुण हृदय ते सोसतं. बीपी असलेल्या माणसाने निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना नेमकं हे सांगून विचारावं: थंड पाणी, २,३०० मीटरच्या वर मुक्काम, दिवसभर वल्हवणं. नुसतं 'सहलीला जातोय' म्हणू नये. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढू दिली जात नाही, काहींनी लघवी जास्त होते. उंचीवर दोन्हींचा त्रास होऊ शकतो. सरळ पाण्यावर न जाता एक-दोन दिवस त्या उंचीवर आधी राहा.

कुणी पाण्यात पडून बाहेर आला तर: वाऱ्याच्या आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, झोपण्याच्या पिशवीत घाला आणि खाली मॅट हवीच, कारण जमीनही उष्णता ओढते. गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून छातीला आणि काखेत. पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर चांगली, ती म्हणजे शरीर झुंजतंय. थरथर थांबली आणि माणूस अडखळत बोलायला लागला की मामला गंभीर समजा. त्याला आडवं ठेवा, हळुवार हलवा, चालवू नका आणि मदत मागवा. फार गारठलेलं हृदय धसक्यानेही ताल सोडू शकतं.

पाणी उकळून पिणार असाल तर एवढ्या उंचीवर पूर्ण ३ मिनिटं खळखळ उकळू द्या. उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

रानवाट:

पाण्यावरचं सगळं आलंय, मी काठावरचं लिहितो.

रात्रीच्या मुक्कामासाठी बॅककंट्री परमिट (आतल्या रानात राहण्याचा परवाना) लागतं आणि जागा ठरवून मिळते, वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. कयाकसाठी बोटीचं परमिट वेगळं. ते देण्याआधी बोट तपासतात, बाहेरच्या शेवाळ-शिंपल्यांचा संसर्ग पाण्यात येऊ नये म्हणून. कयाक आधी धुऊन पूर्ण वाळवून न्या.

अस्वलं आहेत, ग्रिझली ही मोठी तपकिरी अस्वलंसुद्धा. मुक्कामाच्या जागी अन्न टांगायला आडवा दांडा असतो, दोरी आपली न्यायची, १० मीटरच्या वर लांब. अन्न जमिनीपासून किमान १० फूट उंच. 'अन्न' म्हणजे टूथपेस्ट, सनस्क्रीन, खरकटी भांडी, मुलीच्या खिशातलं चॉकलेटसुद्धा. तंबूत काहीही नाही. अस्वल आणि लांडग्यापासून किमान १०० यार्ड अंतर, बाकी प्राण्यांपासून २५. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा मिरचीचा फवारा) प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला. ड्राय बॅगेच्या तळाशी असलेला स्प्रे न्यायचाच कशाला?

तंबू लावण्याआधी वर बघा. या भागात वाळून उभे राहिलेले पाइन खूप आहेत आणि दुपारच्या वाऱ्याने पडतात.

मासेमारी करणार असाल तर त्याचंही परमिट लागतं. कटथ्रोट ट्राउट हा इथला मूळचा मासा सापडला तर सोडायचा. लेक ट्राउट सापडला तर परत सोडायचा नाही, मारायचा. तो मूळचा इथला नाही, १९९४ साली तळ्यात आढळला आणि कटथ्रोटची संख्या त्याने पार खाली आणली. कटथ्रोटवर जगणारे अस्वल, पाणमांजर, गरुड सगळ्यांच्याच तोंडचा घास गेला.

दूरदेशी:

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्रँक आयलंड रद्द. ग्रँटवरून काठाने जाऊ आणि एक दिवस जादा ठेवू. मामांशी बोललो, ते डॉक्टरांना भेटून मगच तिकीट काढणार आहेत. वेटसूट सहाही जणांना.

दोन शंका राहिल्या. मोबाइलला रेंज मिळते का? आणि वाटेत वीज कडाडायला लागली तर काय करायचं? काठाला लागून झाडाखाली थांबायचं का?

नीलपाणी:

आर्ममध्ये रेंज धरूच नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्याने घ्या, आणि ते कयाकमध्ये नाही, जॅकेटच्या खिशात ठेवा. कयाक उलटली की तुम्ही एकीकडे आणि सामान दुसरीकडे. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी बांधा. ओरडणं वाऱ्यात ऐकू जात नाही, शिट्टी जाते. घरी कुणाकडे तरी कोणत्या रात्री कुठल्या जागी मुक्काम, कयाकचे रंग आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे लिहून ठेवा.

विजेचं: पहिला गडगडाट ऐकू आला की लगेच काठ गाठा. पाऊस यायची वाट बघू नका. काठावर एकट्या उंच झाडाखाली नको, उघड्या वाळूवरही नको. आत शिरून सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांत, एकमेकांपासून लांब लांब थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मोजा, मधे पुन्हा ऐकू आला तर पहिल्यापासून.

आणि निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या उथळ तळ्यात, हेच वेटसूट घालून, तिन्ही कयाक मुद्दाम उलटवा आणि पाण्यातून परत चढून बघा. डबल कयाकमध्ये भिजलेल्या माणसाला वर घ्यायला दुसरी कयाक शेजारी धरून ठेवावी लागते. ते कोण करणार, कोण कुणाला ओढणार, हे तिथेच ठरवा. मामा आणि मुलगी एका कयाकमध्ये नकोत. दोघांच्याही मागे तुमच्यातला एकेक ताकदीचा वल्हवणारा बसू दे.

दूरदेशी:

म्हणजे मुलीच्या मागे बायको आणि मामांच्या मागे मी. या शनिवारीच उलटवून बघतो, जमलं-नाही जमलं ते इथे लिहीन.