हरिश्चंद्रगडाची भटकंती आणि निसर्गछायाचित्रण : दोन्ही एकाच फेरीत कसे साधावे?

रानवाट यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार.

मी अनेक वर्षे सह्याद्रीत डोंगरभटकंती करत आहे, परंतु निसर्गछायाचित्रणाकडे गंभीरपणे वळून मला फार काळ झालेला नाही. माझ्याकडे मिररलेस कॅमेरा, १८-१३५ मिमीची झूम लेन्स, लहान गोष्टी जवळून टिपणारी एक मॅक्रो लेन्स आणि साधारण दीड किलो वजनाचा ट्रायपॉड आहे. सप्टेंबरच्या अखेरीस आमचा मोठा गट खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाऊन त्याच दिवशी परत येणार आहे.

माझी अडचण अशी की, गटाबरोबर चालताना एखाद्या फुलापाशी किंवा बेडकापाशी थांबलो की मंडळी पुढे निघून जातात आणि मग ओल्या कातळावरून घाईने चालत त्यांना गाठावे लागते. तसे करायचे नसेल तर कॅमेरा दिवसभर सॅकमध्येच राहतो. भटकंतीचा आनंद आणि छायाचित्रणाला लागणारा निवांतपणा एकाच फेरीत खरोखर साधता येतो का? येत असेल तर वाट, वेळ आणि सामान यांची निवड कशी करावी? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

सातमाळा यांचे उत्तर

रानवाट, आपला प्रश्न वरवर सामानाचा वाटला तरी मुळात तो वेळेच्या हिशेबाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत निश्चित साधतात, मात्र त्यासाठी फेरीची आखणीच छायाचित्रण गृहीत धरून करावी लागते. एका दिवसात चढून उतरायचे ठरवलेल्या मोठ्या गटात ते जमत नाही, आणि त्यात गटाच्या म्होरक्याचाही दोष नसतो, कारण अंधार पडण्यापूर्वी सर्वांना सुखरूप खाली उतरवणे हीच त्याची पहिली जबाबदारी असते. म्हणून आपल्यासारखीच थांबत चालण्याची आवड असणारे तिघे-चौघे जमवावेत आणि गडासाठी दोन दिवस राखून ठेवावेत, असे मी सुचवेन.

वाटेविषयी बोलायचे तर आपण अकोले तालुक्यातल्या पाचनई गावातून चढावे. तोलारखिंडीची वाट सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ती लांब आहे, खिंडीच्या वरचा कातळटप्पा रेलिंग धरून चढावा लागतो आणि तेथे दोन्ही हात मोकळे असणे आवश्यक असते. पाचनईची वाट मात्र बेताच्या चालीने दोन ते अडीच तासांत गडावर पोहोचवते, वाटेत पुढे झुकलेल्या प्रचंड कड्याच्या पोटाखालून नेते आणि पावसाळ्याअखेरीस तेथे ओढे व लहान धबधबे वाहत असतात. चढाईत वाचलेले दोन-तीन तास सरळ छायाचित्रणाला मिळतात. बेलपाड्याहून येणाऱ्या नळीच्या वाटेचा विचार पावसाळ्यात मुळीच करू नये. त्या घळीतून पाण्याबरोबर दगडही खाली येतात.

दिवसाची विभागणी प्रकाश पाहून करावी. कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी त्याची अंतर्वक्र भिंत सावलीत असते आणि दुपारनंतर तिच्यावर ऊन येते; म्हणून कड्याचे कातळ, त्यातले थर आणि तळाचे कोकण टिपायचे असेल तर संध्याकाळ कड्यावर घालवावी. भर दुपारचे कठोर ऊन असताना हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा पाहावी. गुहेतल्या लिंगाभोवती थंडगार पाणी असते आणि चार खांबांपैकी एकच शाबूत उरलेला आहे. आतला प्रकाश इतका मंद आहे की तेथे ट्रायपॉडचा खरा उपयोग होतो. तारामती या गडाच्या सर्वोच्च शिखराच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे १,४२५ मीटर उंचीवर, भल्या पहाटे जावे.

आता सुरक्षिततेचा एकच नियम सांगतो, पण तो कोणत्याही परिस्थितीत मोडू नये : कॅमेरा डोळ्याला असताना पाऊल हलवायचे नाही. चौकट जुळवण्यासाठी नकळत एक पाऊल मागे किंवा बाजूला टाकले जाते, आणि शेवाळलेल्या कातळावर तेवढे एक पाऊल पुरेसे असते. कोकणकड्याच्या कडेला उभे राहून छायाचित्र घेऊच नये. पोटावर झोपून, पाय सोबत्याने धरलेले असताना, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात गुंडाळून मगच खाली पाहावे. कड्याकपारींत आग्या मोहोळे असतात, त्यामुळे गडावर धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि ड्रोन या चारही गोष्टी टाळाव्यात. शिवाय हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे ड्रोनसाठी परवानगी लागते, आणि मुक्कामाचे त्या हंगामातले नियम वनखात्याच्या नाक्यावर आधीच विचारून घ्यावेत.

कातळफूल यांचे उत्तर

सातमाळा यांच्या आखणीशी मी पूर्णपणे सहमत आहे. केवळ छायाचित्रणाच्या विषयांविषयी थोडी भर घालते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात गडाच्या पठारांवर आणि उतारांवर पिवळी सोनकी बहरलेली असते, ओलसर बांधांवर तेरडा असतो आणि पाणी साचणाऱ्या सपाट कातळांवर गेंदाची पांढरी बोंडे दाटीने उभी असतात. त्याच कातळांवर निळसर-जांभळी सीतेची आसवे दिसतील. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, आणि तिचे भक्ष्य पकडणारे सूक्ष्म फुगे ओल्या मातीत दडलेले असल्यामुळे वरून तिचा हा स्वभाव मुळीच कळत नाही. कारवीची झुडपे वाटेवर सर्वत्र भेटतील, मात्र त्यांचा सामुदायिक बहर साधारण सात वर्षांनी एकदा येतो आणि बी धरल्यानंतर ती झुडपे मरतात. म्हणून बहराचे वर्ष नसेल तर कारवीच्या खरखरीत पानांवर बसलेले कोळी, गोगलगायी आणि नाकतोडे यांच्याकडे लक्ष द्यावे. मॅक्रो लेन्सला तेथे दिवसभराचे काम आहे.

माझी कळकळीची विनंती अशी आहे की, फुलांचे छायाचित्र घेताना आपण कुठे गुडघे टेकतो आणि कुठे झोपतो याकडे काटेकोरपणे पाहावे. कातळपठारावरील मातीचा थर काही ठिकाणी जेमतेम दोन-चार सेंटिमीटरचा असतो. पुढच्या पावसाळ्यात उगवणारे बी आणि कंद त्यातच दडलेले असतात. एका माणसाच्या झोपण्याने कदाचित फार बिघडत नसेल, परंतु त्याचे छायाचित्र पाहून येणारे शंभर जण त्याच जागी झोपतात आणि दोन हंगामांत तेथे उघडा खडक उरतो. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. आज तेथे बहराच्या काळात दररोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा घालावी लागते, ही गोष्ट आपण सर्वांनी मनावर घेतली पाहिजे. म्हणून शक्यतो उघड्या खडकावर किंवा मळलेल्या वाटेवर बसूनच, थोड्या लांब पल्ल्याच्या लेन्सने फूल टिपावे. मागचे गवत उपटून पार्श्वभूमी स्वच्छ करणे, बेडूक किंवा चापडा (हिरवा विषारी साप) पकडून सोयीच्या पानावर ठेवणे, अंगावर पाणी शिंपडून खोटे दव निर्माण करणे, या गोष्टी कितीही सर्रास दिसल्या तरी मी त्यांना निसर्गछायाचित्रण मानत नाही.

दुर्मीळ वनस्पती किंवा गिधाडाचे घरटे दिसले, तर छायाचित्र अवश्य प्रसिद्ध करावे, पण नेमके ठिकाण लिहू नये आणि छायाचित्रात आपोआप नोंदला जाणारा स्थाननिर्देश काढून टाकावा. बेडकांच्या बाबतीत मला हे अधिकच महत्त्वाचे वाटते. आंबोलीच्या आसपासच्या मोजक्या कातळांवरच आढळणारा आंबोली टोड अतिसंकटग्रस्त वर्गात मोडतो. अशा प्राण्याच्या प्रजननाच्या जागी टॉर्च घेऊन गर्दी झाली, तर त्याला जाण्यासाठी दुसरी जागाच नसते.

पाऊसपाणी यांचे उत्तर

सामानाविषयी थोडक्यात लिहितो. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबून राहू नये, कारण पाठीकडून झिरपणारे पाणी ते अडवत नाही. सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालावी आणि कॅमेरा तिच्यात वेगळ्या ड्राय बॅगमध्ये ठेवावा. सुती पंचा, लेन्स पुसायची दोन-तीन कापडे आणि सिलिका जेलच्या पुड्या सोबत असाव्यात. लेन्स उघड्यावर बदलू नये. पावसाचा रंग पाहून सकाळीच एक लेन्स ठरवावी आणि शक्य तोवर तीच वापरावी.

पोलरायझिंग फिल्टर मात्र विसरू नये. ओल्या पानांवरची आणि कातळांवरची चमक त्याने कापली जाते आणि हिरवा रंग खरा उमटतो. ओढ्याच्या छायाचित्रात त्यामुळे प्रकाशही कमी होतो, आणि ढगाळ हवेत पाव ते एक सेकंदाचा शटरवेग सहज मिळून पाण्याचा प्रवाह रेशमी दिसतो. याच कारणासाठी मी दीड किलोचा ट्रायपॉड पूर्णपणे सार्थ मानतो, आणि तो केवळ गुहेपुरता नव्हे तर पाचनईच्या वाटेवरील प्रत्येक ओढ्यापाशी उघडावा.

कोकणकड्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथे वारा कड्याला आपटून वर उसळतो, त्यामुळे पाऊस आणि धुके अनेकदा खालून वर येतात आणि छत्रीचा काहीच उपयोग होत नाही. लेन्सला हूड लावून ठेवावे, छायाचित्र घेण्याच्या क्षणापर्यंत तिच्यावर पंचा धरावा आणि वाऱ्याकडे शक्यतो पाठ ठेवावी.

घरी परतल्यावर ओली बॅग कपाटात बंद करून ठेवू नये. पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती बहुधा डोंगरावर नव्हे, तर नंतरच्या आठवड्यात घरच्या कपाटात लागते. सामान उघड्यावर पूर्ण वाळवून मगच हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावे.

रानवाट

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. गटाच्या म्होरक्यांना कळवून मी या फेरीतून नाव मागे घेतले आहे, आणि आम्ही तिघे मित्र दोन दिवसांसाठी पाचनईमार्गे जाणार आहोत. आणखी एकच शंका विचारतो. कोकणकड्यावरून दिसणाऱ्या इंद्रवज्राविषयी, म्हणजे धुक्यावर उमटणाऱ्या गोलाकार इंद्रधनुष्याविषयी, पुष्कळ ऐकले आहे. ते पाहण्यासाठी आणि टिपण्यासाठी कोणत्या वेळी कड्यावर असावे?

सातमाळा

सकाळीच. इंद्रवज्र दिसण्यासाठी सूर्य पाठीमागे आणि धुके समोर, शक्यतो आपल्या पातळीच्या खाली असावे लागते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य आपल्या मागे पूर्वेला असतो तो सकाळी, आणि दरीत धुके भरलेले असण्याची शक्यताही त्याच वेळी अधिक असते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी या गडावर पाहिलेल्या गोलाकार इंद्रधनुष्याचे वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून कोकणकड्याचे नाव या दृश्याशी जोडले गेले.

वर ढगांचे आच्छादन आणि खाली दरी मोकळी असेल तर ते दिसणार नाही. वर मोकळे आकाश आणि दरीत धुके असा मेळ जुळावा लागतो, म्हणून मुक्काम केल्यास सकाळचे दोन-तीन तास केवळ यासाठी राखून ठेवावेत. वलयाच्या मध्यभागी पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याची सावली असते, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याला त्याचे वलय त्याच्या सावलीभोवती दिसते. आपली १८-१३५ मिमीची लेन्स त्यासाठी अगदी योग्य आहे : प्रथम १८ मिमीवर कड्याचा काही भाग धरून विस्तृत चौकट घ्यावी आणि नंतर झूम करून रंगांच्या वलयांवर यावे. पांढऱ्या धुक्यामुळे कॅमेरा फसतो आणि छायाचित्र राखाडी, काळपट येते, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे. मात्र रंग फिके पडत आहेत असे दिसल्यास लगेच कमी करून दुसरे छायाचित्र घ्यावे. पोलरायझर त्या वेळी काढून ठेवावा, कारण तो एखाद्या कोनात वलयाचा काही भाग पुसट करतो.