मदत हवी आहे: न पटणारं रीडिंग वगळण्याचा नियम कसा लिहावा?

नमस्कार मंडळी. पीएचडीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी रीडिंग वगळण्याचा एक पानी नियम लिहायचा आहे. सुरुवात मिलिकनच्या तेलथेंबांपासून करतोय (त्यांवरून त्याने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला). १९१३च्या लेखात त्याने ५८ थेंब दिले आणि हे निवडलेले नाहीत असं लिहिलं. वह्यांत मात्र सुमारे १७५ आहेत. काही थेंब वगळायला तांत्रिक कारणं होतीही. ती सांगितली नाहीत, ही माझ्या मते खरी चूक.

अडतंय ते तीन रीडिंगांपाशी. टायट्रेशन (बुरेट या मापनळीतून द्रावण सोडून, अभिक्रिया पूर्ण होण्याच्या अंत्यबिंदूपर्यंत किती लागलं ते मोजणं): १०.१०, १०.१०, १०.४० मिली. डिक्सनच्या क्यू कसोटीत संशयित रीडिंगचं शेजारच्या रीडिंगपासूनचं अंतर भागिले सगळ्यांचा पल्ला म्हणजे क्यू; तो मर्यादेपेक्षा जास्त आला तर रीडिंग बाद. इथे अंतर ०.३०, पल्लाही ०.३०, म्हणजे क्यू १, मर्यादा ०.९४१ (९० टक्के विश्वासपातळी). १०.४० बाद! दोन रीडिंगं योगायोगाने सारखी आली की तिसरं दरवेळी बाद होणार. त्यामुळे तीनवर ही कसोटी लावूच नये, असं वाटतं.

मग काय लिहावं? बुरेटमध्ये बुडबुडा, अंत्यबिंदू ओलांडला अशी कारणं हिशोब करण्याआधीच वहीत शाईने नोंदवणं सक्तीचं करावं का? कारण नसेल तर आणखी दोन टायट्रेशनं करून पाचही छापावीत? पण नावडतं रीडिंग आल्यावरच जादा टायट्रेशन करणं हाही पक्षपातच ना?

तुमच्या प्रयोगशाळेत लेखी नियम असेल तर त्यातली नेमकी वाक्यं कृपया द्या.