केंब्रिज: गणितवेड्या बाबांबरोबर एक दिवस, काय पाहावं?

मृगजळ: आईबाबा मे महिन्यात लंडनला माझ्याकडे येताहेत. बाबा गणिताचे निवृत्त शिक्षक. रँग्लर परांजप्यांचं कॉलेज बघायचं हे त्यांनी व्हिसाच्या आधीच ठरवलंय, त्यामुळे ऑक्सफर्डचा विषय बाद. आईचे गुडघे दुखतात. सकाळी ट्रेनने जाऊन रात्री परत यायचं आहे. काय बघू, काय सोडू? होडीत बसवावं का? आई शाकाहारी आहे.

कॅमकाठ: मे म्हणजे परीक्षांचे दिवस. साधारण एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत बरीच कॉलेजं पर्यटकांना आत सोडत नाहीत. जुलैत दारं उघडी असतात, पण तेव्हा सत्र नसतं आणि किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधला (प्रार्थनामंदिरातला) रोजचा इव्हनसाँग, म्हणजे संध्याकाळची गायनासह प्रार्थना, चुकतो. माझं मत विचाराल तर मे बरा. चॅपलचं तिकीट महाग आहे, पण इव्हनसाँग ही प्रार्थना, तिला पैसे पडत नाहीत. बहुतेक दिवशी साडेपाचला असते, वेळ कॉलेजच्या साइटवर बघा आणि अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहा. आईंना मस्त बसून वरचं पंख्यासारखं उलगडलेलं दगडी छत बघता येईल. १४४६ ला काम सुरू झालं आणि छत पुरं व्हायला १५१५ उजाडलं. मधल्या काळात राजे बदलले, युद्धं झाली.

शून्य_लब्धी: बाबांसाठी: परांजपे सेंट जॉन्स कॉलेजचे. १८९९ मध्ये सीनियर रँग्लर (गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले) झाले, तेही दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर विभागून. (हे बाबांना ठाऊक असणारच, तरी सांगून बघा.) १९०९ नंतर क्रमवारी जाहीर करणं बंद झालं, पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणणं मात्र चालूच आहे. निकाल सेनेट हाउसमध्ये (विद्यापीठाच्या समारंभांच्या इमारतीत) वाचायची जुनी प्रथा. ते किंग्जला अगदी लागून आहे. जयंत नारळीकर फिट्झविल्यमचे, पण ते कॉलेज आता गावाबाहेरच्या बाजूला आहे, वाकडी वाट करू नका. नारळीकर पुढे किंग्जचे फेलो (कॉलेजचे वरिष्ठ अभ्यासक सदस्य) होते, तेव्हा त्यांची आठवण चॅपलमध्येच काढा.

ट्रिनिटी कॉलेज बंद असलं तरी दारापर्यंत जा. बाहेरच्या हिरवळीवर न्यूटनच्या गावच्या सफरचंदाच्या झाडाचा वंशज उभा आहे, आणि दारावरच्या आठव्या हेन्रीच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय. रामानुजनची ‘हरवलेली वही’ १९७६ मध्ये सापडली ती इथल्याच रेन लायब्ररीत.

गवतीचहा: होडी घ्याच, पण स्वतः वल्हवू नका. वल्हं नसतंच म्हणा, लांब बांबू असतो आणि तो चिखलात रुतला की तुम्ही बांबूला लटकता. नावाडी असलेली घ्या. रस्त्यात तिकीटं विकणारी पोरं मागे लागतात, पहिला भाव कधीच घेऊ नका.

पुणेरी_पाटी: गुडघे दुखणाऱ्या बाईला डुगडुगत्या होडीत उतरवणार? बसायची जागा जमिनीलगत असते, उठताना कोण धरणार?

गवतीचहा: @पुणेरी_पाटी, मुद्दा बरोबर आहे. नावाडी हात देतो, पण आधी काठावर उभं राहून आईंनाच ठरवू द्या. नाहीतर नदीमागच्या कॉलेजांच्या बागा क्वीन्स रोडच्या बाजूने बाकावर बसूनही दिसतात. आणि क्वीन्स कॉलेजचा लाकडी ‘मॅथेमॅटिकल ब्रिज’ न्यूटनने खिळ्यांशिवाय बांधला असं नावाडी सांगेल. पूल १७४९ चा, न्यूटन गेला १७२७ ला. बाबांना सोडा त्याच्यावर.

कॅमकाठ: दुपारी फिट्झविल्यम म्युझियम. फुकट, सोमवारी बंद, आत बसायला भरपूर जागा. जेवणाचं टेन्शन नको, बाजाराच्या चौकात शाकाहारी स्टॉल मिळतात. घरून पोळीभाजी आणलीत तर उत्तमच. किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पाऊण-एक तासात पोचवते. तिघे आहात तर ‘ग्रुपसेव्ह’ मागा, गर्दीची वेळ टाळली की तिकीट एक तृतीयांश कमी होतं. स्टेशन गावापासून लांब आहे, चालत नका नेऊ, बस घ्या.

मृगजळ: सगळ्यांचे आभार! तारीख मेमधलीच ठेवते, सोमवार टाळून. बाबा विचारताहेत, सेनेट हाउसच्या पायऱ्यांवर फोटो काढता येईल का?

शून्य_लब्धी: पायऱ्यांवर नाही, आवाराला कुंपण आहे. समोरच्या ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या बाजूने काढा, इमारत अख्खी येते. आणि कुठल्याही कॉलेजात हिरवळीवर पाय ठेवू देऊ नका, तो मान बहुतेक ठिकाणी फक्त फेलोंचा.