मदत हवी आहे: क्लोजरमधला खासगी बफर प्लगिनला कसा वापरू द्यावा?

नमस्कार मंडळी,

रोमन कळफलकावरून देवनागरी टंकता यावे म्हणून जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी लायब्ररी लिहितो आहे. सगळा कारभार एका फंक्शनच्या पोटात, म्हणजे क्लोजरमध्ये आहे: आत लिहिलेल्या फंक्शन्सना तिथली व्हेरिएबल्स दिसतात, बाहेरच्यांना नाहीत. अर्धवट टंकलेली अक्षरे 'बफर' नावाच्या व्हेरिएबलमध्ये साठतात आणि बाहेर तीनच मेथड दिसतात: सुरू, बंद, पुसा. बफरला बाहेरून हात लागत नाही, आणि ते तसेच राहायला हवे.

आता एका मित्राला यावर मोडी लिपीचे प्लगिन (लायब्ररीला वरून जोडायचा पूरक कोड) करायचे आहे. त्याला बफर वाचावा लागेल, कधी शेवटचे चिन्ह बदलावेही लागेल. पण त्याचे फंक्शन वेगळ्या फाइलमध्ये आहे. फंक्शन जिथे लिहिले तिथलीच व्हेरिएबल्स त्याला दिसतात, ते कुठून बोलावले याला महत्त्व नाही. म्हणून माझ्या मेथडच्या आतून चालवले तरी रेफरन्स एरर ('असे व्हेरिएबलच नाही' ही चूक) येते.

बफर आर्ग्युमेंट म्हणून दिला, तर ती स्ट्रिंग असल्याने त्याच्या हाती त्या क्षणाचा मजकूर पडतो, पुढचे बदल कळत नाहीत. बफर ऑब्जेक्टमध्ये ठेवून तो ऑब्जेक्टच दिला, तर कुणीही काहीही लिहील. आणि मोडीत याचा खरा धोका आहे. ही लिपी 2014 साली युनिकोड 7.0 मध्ये (युनिकोड म्हणजे संगणकावरील अक्षरांचे मानक) आली आणि तिचे प्रत्येक चिन्ह जावास्क्रिप्टच्या स्ट्रिंगमध्ये दोन एकके, म्हणजे साठवणीच्या दोन जागा, घेते. कुणी शेवटचे एकच एकक कापले की मागे मोडके चिन्ह उरते.

ईएस 2022 ची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या 2022 च्या मानकातली, क्लासमधली हॅशवाली खासगी फील्डही पाहिली. ती तर सबक्लासलाही (त्या क्लासवरून बनवलेल्या क्लासलाही) दिसत नाहीत. मग मार्ग काय?

प्रतिसाद:

बफर देऊच नका, त्यावर काम करणारी फंक्शन्स द्या. 'प्लगिन जोडा' अशी चौथी मेथड करा. प्लगिन बोलावताना तिने 'वाचा' आणि 'शेवटचे बदला' एवढी दोनच फंक्शन्स हाती द्यावीत. ती तुमच्या क्लोजरच्या आत लिहिलेली असल्याने त्यांना नेहमी चालू बफर दिसेल. चिन्ह तोडण्याचे काम 'बदला'च्या आत अ‍ॅरे-फ्रॉम वापरून करा. जावास्क्रिप्टमधले हे तयार फंक्शन स्ट्रिंग कोडपॉइंटनुसार, म्हणजे युनिकोडमधल्या अख्ख्या चिन्हानुसार, तोडते, त्यामुळे मोडीचे चिन्ह अर्धे होत नाही.

प्रत्येक प्लगिनला वेगळा ऑब्जेक्ट द्या आणि तो फ्रीझ करा, म्हणजे त्यात कुणाला बदल करता येणार नाही. शेजारी 'चालू' नावाचे खासगी व्हेरिएबल ठेवा. प्लगिन काढले की ते असत्य करायचे आणि दोन्ही फंक्शन्सनी आधी तेच तपासायचे, म्हणजे प्लगिनने फंक्शन्स जपून ठेवली तरी उपयोग नाही. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची प्लगिनेही प्रोटोटाइपवर (तिच्या सगळ्या ऑब्जेक्ट्सच्या सामाईक ऑब्जेक्टवर) टांगलेली असतात, आतली खासगी व्हेरिएबल्स त्यांनाही दिसत नाहीत.

धागाकर्ता:

मनापासून आभार, हे पटले. 'चालू'ची युक्ती फारच आवडली. एक शंका उरते: दोन प्लगिनांनी एकाच चिन्हावर 'बदला' चालवले तर क्रम जोडणीचा धरावा, की प्लगिनकडून प्राधान्याचा आकडा मागावा? कुणी हे प्रत्यक्ष वापरले असेल तर जरूर लिहा.